छत्रीतली दोघं

निळी छत्री. मुठीला लाल दोरा गुंडाळलेला.

एका पायातली चप्पल हातात घेऊन चालणारा माणूस.

चौतीस वर्षं रक्ताच्या नळ्या. प्रत्येक नळीवर नाव. चेहरा एकीवरही नाही.

चेन्नईत नंगनल्लूरला तिसऱ्या मजल्यावर एक कॉट. उशाशी फोन. खिडकी आहे, पण तिचा आता उपयोग नाही.

सुंडलमध्ये, म्हणजे उकडलेल्या हरभऱ्यांत, आधी खोबरं की आधी लिंबू, ह्यावरून दोन जावांचं रोजचं भांडण.

कुंडाभोवती सोळा दगडी मंडप, बसल्या जागेवरून तेरा दिसतात.

तपकिरी साडी.

*

कुंभकोणमला महामहम कुंडाच्या कडेनं जो रस्ता फिरतो, त्याच्या उत्तरेच्या बाजूला एक दगडी कट्टा आहे. रोज संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी गोमती तिथे येऊन बसे, पदरानं दगड पुसे आणि चेन्नईला आपल्या थोरल्या बहिणीला फोन लावी.

वय अडुसष्ट. एका खाजगी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तिची नोकरी झाली. तिथे माणसं यायची ती नळीतून. लग्न तिनं केलं नव्हतं, आणि का केलं नाही असं विचारणारी माणसंही एव्हाना संपली होती. घर पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. सकाळी दूधवाल्याशी दोन वाक्यं, दुपारी कोणाशी काही नाही.

थोरली बहीण अंबाबाई, म्हणजे अक्का. तीन वर्षांपूर्वी काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे नेले. मुलगा आणि सून नंदिता दोघंही नोकरीवर. दिवसभर पडून पडून अक्का छताला कंटाळली, असं म्हणायचीही सोय उरली नव्हती. छत दिसत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात ती फोनवर म्हणाली होती, "गोमे, मज काही नको. तू कोठे बसलीस, समोर काय चाललंय, तेवढं सांग."

गोमती सांगायला लागली. तेव्हापासून खंड नाही.

*

एका बुधवारचा फोन, दोन वर्षांपूर्वीचा. ऐकू येते ती फक्त गोमती.

— बसलें गे. ऊन आहे अजून.

— चप्पलवाला गेला आत्ताच. होय, हातातच. उजवी.

— आले. छत्रीवाले आले. एकच छत्री, दुसरं काय? ती हिरव्या साडीत. अंबाडा हा एवढा, डोक्यावर बसवलेला. नवऱ्याहून उंच दिसते.

— थांब, काहीतरी बिनसलंय. ती उभी राहिली. तो छत्री घेऊन तसाच पुढे. उन्हात उभी आहे गे बाई, खांबासारखी. हलत नाही.

— नाही, वळला. येतोय परत. छत्री तिच्यावर धरली, स्वतः बाहेर. कान बघायला हवेस तू अक्का, सुपाएवढे. ऊन पलीकडून लाल दिसतंय कानातून.

— हसत्येस काय? ती पण हसतेय.

*

हे सगळं गोमती मोठ्यानं बोले, कारण अक्काला ऐकूही कमी येई. आणि निर्धास्त बोले, कारण ती मराठीत बोले.

मराठी ही घरातली भाषा. तीनशे वर्षांपूर्वी कोणी पूर्वज घोड्यावरून इकडे आला, आणि त्याची भाषा तेव्हापासून स्वयंपाकघरात आणि देवघरात राहिली. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तमिळ. गावात मराठी घरं किती, हे गोमतीला तोंडपाठ होतं: एकोणतीस. त्यातलं कोणी रस्त्यात भेटलं तरी दोघंही तमिळच बोलत. म्हणून कट्ट्यावर बसून मराठी बोलणं म्हणजे दार लावून बोलण्यासारखं. ह्याचे कान, त्याचं पोट, तिची चाल, सगळं त्यांच्या देखत, खणखणीत आवाजात. लोक जात. ती समोरून येणाऱ्याकडे बघून हसे, तोही हसे. वाईट ती कोणाबद्दल बोलत नव्हतीच. ज्याचे कान सुपाएवढे, त्याच्यावर तर दोघी बहिणींचा सगळ्यांत जास्त जीव.

अक्काच्या जगात अशी सात माणसं होती:

चप्पलवाला.
सुंडलवाल्या जावा, दोन.
गुडघ्यासाठी उलटी चालणारी मास्तरीण.
जांभई देणारा पोलीस.
छत्रीवाले, दोन.

एकाचंही नाव दोघींना ठाऊक नव्हतं. नावं गोमतीनं आयुष्यभर वाचली होती. आता तिला ती नकोशी वाटत. चेहरे पुरत होते. घरी परतून ती भात लावी तेव्हा तिला वाटे, आपण आज सात जणांना भेटून आलो.

छत्री एकच का, हा दोघींचा जुना वाद. अक्काचं मत, नवरा कंजूस. गोमतीचं मत, प्रेम. मग अक्कानं शोध लावला की त्यांचं लग्नच उशिरा झालं असणार, साठीत. म्हणून अजून हौस. मग गोमती म्हणाली, छत्री तिची, आणि ह्याला उन्हाचं वावडं. ह्या एका छत्रीवर दोन उन्हाळे निघाले.

*

जे झालं: गेल्या वर्षी अक्का न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. त्याच आठवड्यात छत्रीवाले दिसेनासे झाले. तेरा दिवसांनी तो आला. एकटा. मिटलेली छत्री हातात, डोक्याचं मुंडण केलेलं. कोणाला काही विचारायची गरज नव्हती.

जे सांगितलं: त्यानंतर दोनच दिवसांनी इस्पितळातून अक्काचा पहिला फोन आला. जीभ जड झाली होती. "गोमे, छत्रीवाले आले का गे?"

गोमती म्हणाली, "आले."

आता हा शब्द परत कसा घ्यायचा? त्या दिवशी नाही, कारण अक्का आजारी. पुढच्या आठवड्यात नाही, कारण अक्का उभी राहायला शिकत होती. महिन्यानं नाही, कारण मग महिनाभर काय सांगत होतीस, ह्याला उत्तर नव्हतं. सातातलं एक माणूस वजा करायला गोमतीचा हात धजला नाही. रोज संध्याकाळी ती त्या बाईला साडी नेसवून नवऱ्याशेजारी चालवू लागली. भांडायला मात्र लावेना. गेलेल्या माणसाच्या तोंडी भांडण कसं घालायचं?

आणखी एक गोष्ट तिनं सांगितली नाही. तो आता चालत नसे. येई आणि ह्याच कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला बसे, छत्री मांडीवर आडवी ठेवून. दोघांमध्ये पाच हात अंतर. त्याच्या देखत त्याच्या बायकोला चालवताना सुरुवातीला तिला चोरट्यासारखं झालं. मग सवय झाली. त्याला काय कळतंय?

अकरा महिने.

*

गुरुवारचा फोन, गेल्या जानेवारीतला.

— आले गे. आज हळू चालतायत. तो तिला काहीतरी दाखवतोय पाण्यात.

— साडी? साडी आज तपकिरी. बारीक काठ—

"तपकिरी नव्हे."

आवाज डावीकडून आला होता. मराठीत आला होता. गोमतीनं मान वळवली. छत्रीवाला समोर पाण्याकडे बघत होता.

"तपकिरी ती कधी नेसली नाही," तो म्हणाला. "म्हणायची, तपकिरी हा अस्तराचा रंग. नेसायचा नव्हे."

फोनमधून अक्का विचारत होती, कोण बोललं, काय म्हणालं. गोमतीनं फोन बंद केला, पिशवी उचलली आणि ती उठून चालायला लागली. दोन मंडप मागे पडल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण घराच्या उलट्या दिशेला चाललो आहोत. वळायचं म्हणजे पुन्हा त्याच्यासमोरून. ती तशीच सबंध कुंडाला वळसा घालून घरी गेली.

*

शुक्रवारी तिनं अक्काला सांगितलं, गुडघा धरलाय.

शनिवारी सांगितलं, गुडघा.

रविवारी अक्का म्हणाली बरं, आणि फोन ठेवला.

घरात बसून गोमती एकेक वाक्य आठवत राहिली. सुपाएवढे कान. चपलेत वाळू भरल्यासारखी चाल. शर्टाचं एक टोक आत, एक बाहेर. ह्यांतलं सगळं त्यानं ऐकलं. ते एक वेळ जाऊ दे. पण बायको गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात, त्याच्यापासून पाच हातांवर, 'आज ती गजरा माळून आलीय' असं आपण म्हणालो होतो. ते आठवलं की ती उठून विनाकारण गॅस पुसायला लागे. उगाच खिडकीतून बघावं, तर समोर भिंत. चप्पलवाल्यानं चप्पल आज हातात धरली की पायात घातली, कोणास ठाऊक. तिला कोणाची आठवण येतेय हेच तिला नीट सांगता आलं नसतं. छत्रीवाला सोडला तर त्यांतलं एकही माणूस कधी तिच्याशी शब्दही बोललं नव्हतं.

मंगळवारी रात्रीच्या जेवणाआधी नंदिताचा फोन आला. आवाज खाली ठेवून ती म्हणाली, अत्तै, म्हणजे सासूबाई, चार दिवस नीट जेवत नाहीत. पाच वाजले की फोन छातीवर घेऊन पडून असतात. काही झालंय का, मावशी? भांडलात का?

गोमती म्हणाली, नाही गे. उद्या बसते मी कट्ट्यावर.

*

बुधवार. पाच दहा.

तो होता. गोमती उभीच राहिली. चार दिवस घोकून ठेवलेलं वाक्य सवयीनं तमिळमध्ये होतं. ते आता निरुपयोगी झालं होतं. बाहेर, उघड्या रस्त्यावर, अनोळखी पुरुषाशी मराठी ती आयुष्यात पहिल्यांदा बोलत होती. घरातल्या पातळात बाहेर आल्यासारखं वाटलं.

"तुम्ही कोणाकडचे?" तिनं विचारलं.

त्यानं सांगितलं. नाव गोपालकृष्ण. मोठ्या बाजारात ब्लाउजपीस आणि अस्तराचं मॅचिंग सेंटर. आता पुतण्या बघतो. विठोबाच्या भजनमठाच्या गल्लीत घर. त्या गल्लीतच मराठी घरं चाळीसेक आहेत म्हणाला. एकादशीला तिथून टाळ ऐकू येतात, हे गोमतीला लहानपणापासून ठाऊक होतं. त्या टाळांमागे माणसं असतील आणि ती घरात काहीतरी बोलत असतील, हे तिच्या हिशेबात कधी आलंच नव्हतं. तिची एकोणतीस घरं म्हणजे तिच्या नात्यातली, तिच्या पंगतीला बसणारी.

"तुमचं सगळं ऐकलं," तो म्हणाला.

गोमती कट्ट्यावर बसली.

"कानांचं खरं आहे," तो म्हणाला. "चालीचंही असेल. पण विजयलक्ष्मी माझ्याहून उंच नव्हती. आम्ही सारखेच. ती अंबाडा वर बांधायची."

"मला क्षमा करा."

"आणि तो चप्पलवाला. त्याची चप्पल तुटलेली नाही. दर वेळी नवी घेतो, ती चावते. त्याला सांगायला हवं कोणीतरी, की तेल लाव."

गोमतीनं त्याच्याकडे पाहिलं. तो रागावलेला नव्हता. इतक्या वर्षांच्या साठलेल्या चुका तो एकेक करून तिच्या हवाली करत होता, गिऱ्हाइकानं आणलेल्या कापडाला चुकीचं अस्तर लागलेलं बघवत नाही तसा.

मग त्यानं बाकीचं सांगितलं. डॉक्टरांनी विजयलक्ष्मीला रोज तीन फेऱ्या मारायला सांगितलं होतं. चालण्याचा तिला मनापासून कंटाळा. पण पहिल्याच आठवड्यात कट्ट्यावरून जाताना तिच्या कानावर मराठी पडलं, आणि तेही स्वतःबद्दलचं. समोरून जाईपर्यंत एक-दोन वाक्यं ऐकू येत, पुढचं राही. राहिलेलं ऐकायला ती आणखी एक फेरी मारी. तीनाच्या पाच झाल्या. साखर उतरली. डॉक्टर स्वतःला शाबासकी देत होते.

"त्या दिवशी ती उन्हात उभी राहिली ना," तो म्हणाला, "खांबासारखी म्हणालात तुम्ही. भांडण वगैरे काही नव्हतं. तुम्ही काय सांगता ते ऐकायला थांबली होती. मला कळलं नाही, मी पुढे गेलो."

गोमती म्हणाली, "मग बोललात का नाही कधी? इतकी वर्षं?"

"मी म्हणालो होतो तिला, बोलू या. ती म्हणाली, बोललो तर त्या थांबतील."

सुंडलवाल्या जावांचं खोबरं-लिंबू सुरू झालं होतं. पोलिसानं जांभई दिली. उलटी चालणारी मास्तरीण त्यांच्यासमोरून पाठमोरी आली आणि त्यांच्याकडे तोंड करून दूर गेली.

"ती गेल्यावर मी एकदा आलो," गोपालकृष्ण म्हणाला. "सहज. छत्री घरात बघवत नव्हती, म्हणून बाहेर काढली. आणि तुम्ही फोनवर म्हणालात, दोघं आलेत. मग रोज यायला लागलो." त्यानं मुठीवरचा लाल दोरा अंगठ्यानं सारखा केला. "गजरा बरोबर होता त्या दिवशीचा. मोगऱ्याचे दिवस होते. फक्त ते तपकिरी मला सोसलं नाही. थांबवू नका, बाई. रंग तेवढा मला विचारत जा."

*

पाच सदतीस. फोन लावायलाच हवा होता.

गोमती फोनकडे नेलेला हात सारखा मागे घेत होती. तो म्हणत होता तसं करणं सोपं होतं. बुधवारची साडी त्याला विचारायची, अक्काला सांगायची, दोघंही सुखी. पण आता ती एकटी थापा मारत नव्हती. दोन म्हाताऱ्यांनी मिळून एका आंधळीला फसवायचं, हे तिच्या गळ्याखाली उतरेना. आणि खरं सांगावं तर सातातलं एक जाणार, आणि कदाचित त्याबरोबर तिच्या शब्दावरचा अक्काचा विश्वास. मग उरलेले सहा तरी खरे कशावरून?

तिनं फोन लावला. फोनचा स्पीकर चालू केला, कारण त्यानंही ऐकावं असं तिला वाटलं.

"अक्का, बसलें मी."

"गुडघा?"

"गुडघ्याला काही झालं नव्हतं." तिनं फोन तोंडाजवळ धरला. "अक्का, छत्रीवाली नाही राहिली गे. तू इस्पितळात होतीस तेव्हाच गेली. मी रोज खोटं सांगत आलें."

नंगनल्लूरच्या खोलीतला पंखा फोनमधून ऐकू येत होता.

"मज ठाऊक आहे," अक्का म्हणाली.

"कसं?"

"सोमवारी मोतिया, मंगळवारी लाल, बुधवारी हिरवी, गुरुवारी पिवळी. वाराचे रंग नेसायची ती. तूच सांगायचीस, आणि तुझ्याच ध्यानात नाही? मी इस्पितळातून आले, आणि तू सोमवारी तिला जांभळी नेसवलीस. आणि भांडणं कोठे गेली? वर्षभर एक भांडण नाही. जिती बाई अशी वागते होय?"

गोपालकृष्ण खाली मान घालून हसत होता. खांदे हलत होते. मग नुसते हलत राहिले.

"मग बोलली काय म्हणून नाहीस?" गोमती म्हणाली.

"तुला तेथे एकटं बसवायचं? तू म्हणत होतीस आहेत, तर म्हटलं असू देत." अक्का म्हणाली. "तो कसा आहे गे? येतो का?"

"माझ्याशेजारी बसलाय. आपलाच माणूस आहे. सगळं ऐकलंय त्यानं. कानसुद्धा."

अक्का एवढ्या मोठ्यानं हसली की सुंडलवाल्या थोरल्या जावेनं लिंबू पिळायचं थांबवून इकडे पाहिलं. हसून झाल्यावर तिला खोकला आला, मग तिनं पाणी प्यायल्याचा आवाज आला.

"त्यास फोन दे," ती म्हणाली.

त्यानं फोन दोन्ही हातांनी घेतला. अक्कानं त्याचं नाव विचारलं नाही, काय झालं होतं तेही विचारलं नाही.

"आज बुधवार," ती म्हणाली. "हिरवी नेसली असती. कोणता हिरवा?"

दुकानात हिरव्याच्या तेवीस छटा होत्या, आणि विचारणारीला डोळे नव्हते.

"विड्याच्या पानाचा," तो म्हणाला. "कोवळ्या पानाचा, वेलीवरून नुकतं काढलेलं, पुसलेलं. टोपलीत दोन दिवस राहिलेलं नव्हे."

"देठाकडे फिकट?"

"देठाकडे फिकट. काठ तिथूनच सुरू व्हायचा."

"दिसलं," अक्का म्हणाली. "आता चप्पलवाल्याचं सांगा."

गोपालकृष्णानं समोर पाहिलं. ऊन तिरपं झालं होतं आणि थेट अक्काच्या धाकट्या बहिणीच्या डोळ्यांवर येत होतं. त्यानं एका हातानं फोन कानाशी धरला, दुसऱ्यानं छत्री उघडली, मधलं पाच हातांचं अंतर थोडं कमी केलं, आणि चप्पलवाल्याचं सांगायला लागला.

*

विजयलक्ष्मीनं छत्री घेतली त्या दिवशी छत्र्यांच्या दुकानात एकच उरली होती.